बेरीज न येणारी पट्टी

जपानच्या हेम्मी कंपनीची बांबूची स्लाइड रूल, म्हणजे हिशोब करायची सरकपट्टी, हातात घेतली की आधी ती फूटपट्टीच वाटते. पांढरी, फूटभर लांब, मधोमध सरकणारी एक चिंचोळी पट्टी, आणि वरून इकडेतिकडे फिरणारी काच. काचेवर केसाएवढी रेघ. पण आकडे पाहिले की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. १ ते २ हे अंतर साडेसात सेंटिमीटर, आणि ९ ते १० जेमतेम सेंटिमीटरभर. अशी पट्टी घेऊन बसलेल्या शिंप्याचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद पडेल.

सगळी गंमत या अंतरांतच आहे. पट्टीच्या सुरुवातीपासून २ हा आकडा सुमारे साडेसात सेंटिमीटरवर, ३ हा सुमारे बारावर. या दोन लांब्या एकापुढे एक ठेवा. साडेएकोणीस होतात, आणि तिथे नेमका ६ असतो. खालच्या पट्टीवरच्या २ समोर सरकत्या पट्टीचा १ आणायचा, सरकत्या पट्टीवरच्या ३ खाली काय आहे ते वाचायचं. संपलं. आपण लांब्यांची बेरीज केली, पट्टीने आकड्यांचा गुणाकार दिला. उलट्या दिशेने वाचलं की भागाकार.

ही अंतरं म्हणजे आकड्यांचे लॉगॅरिदम, थोडक्यात लॉग: ज्यांची बेरीज केली की मूळ आकड्यांच्या गुणाकाराचा लॉग मिळतो अशा संख्या. ते १६१४ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने जगापुढे मांडले, तेही सुमारे वीस वर्षं खपून. ग्रहगणित करणारे आणि दर्यावर्दी यांचा जन्म तेव्हा लांबलचक गुणाकारांतच जात असे. नेपियरने त्यांना गुणाकाराऐवजी बेरजेवर आणून सोडलं. १६२० च्या सुमारास लंडनच्या एडमंड गंटरने हे लॉग एका रेषेवर आखले आणि कर्कटकाने अंतरं उचलून बेरीज करायला सुरुवात केली. मग विल्यम ऑट्रेड या इंग्लिश पाद्र्याने कर्कटक बाजूला ठेवून अशा दोन पट्ट्याच एकमेकींशेजारी सरकवल्या. गुणाकाराचं × हे चिन्हही याच गृहस्थाचं! चिन्ह देणाऱ्यानेच गुणाकार न करता गुणण्याची सोय करून दिली.

मात्र २ अधिक ३ किती, हे या पट्टीला विचारू नका. बेरीज-वजाबाकी तिला येत नाही. त्यामुळे वाण्याच्या दुकानात तिचा उपयोग शून्य.

अचूकपणाचं काय? पंचवीस सेंटिमीटरच्या पट्टीवर तीन अंक धड वाचता येतात. रेघ दशांश मिलिमीटर सरकली तर उत्तर हजारात साधारण एकाने चुकतं. इथे एक सुंदर गोष्ट आहे: ही चूक १.२ जवळ जेवढे टक्के, तेवढेच टक्के ९.२ जवळही. साध्या फूटपट्टीवर असं होत नाही; तिथे लहान मापात तीच चूक मोठी ठरते. पूल किंवा पंप यांच्या हिशोबाला तीन अंक बहुतेकदा पुरत. काही अपोलो मोहिमांत तर पिकेट कंपनीची छोटी स्लाइड रूल अंतराळवीरांबरोबर होती.

खरी मेख दशांशचिन्हाची. २३.५ गुणिले ४.२ करा. पट्टी ९, ८, ७ असे अंक दाखवते आणि गप्प बसते. ९.८७, ९८.७ की ९८७, ते तुम्ही ठरवायचं. वीस चोक ऐंशी, पंचवीस चोक शंभर, म्हणजे उत्तर शंभराच्या आसपास, म्हणजे ९८.७. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी घोकलेल्या पिढीला हे अवघड नव्हतं. साडेतेवीस चोक चौऱ्याण्णव हे त्यांच्या तोंडातून पट्टी सरकायच्या आत निघालं असतं. माझं मत विचाराल तर स्लाइड रूल हे अर्धंच यंत्र. उरलेलं अर्धं वापरणाऱ्याच्या डोक्यात असायचं, आणि ते नसलं तर उत्तर दहापट चुकूनही पट्टी हूं की चूं करत नसे.

१९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला. किंमत ३९५ डॉलर, बटणं ३५. त्याला लॉग येत होते, साइन-कोसाइन येत होते आणि बेरीजही येत होती. पुढच्या चार-पाच वर्षांत स्लाइड रूलचे कारखाने बंद पडत गेले. या नव्या यंत्रात दशांशचिन्ह आपोआप जागेवर उमटायचं.