'थर्ड डिग्री' म्हणजे नेमकं काय?

पोलिसांनी 'थर्ड डिग्री' वापरली, एवढं छापलं की मराठी वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही. बर्न्स वॉर्डात मात्र याच दोन शब्दांचा अर्थ होतो, त्वचा पूर्ण जाडीने जळाली आहे. मज्जातंतूंची टोकंही जळाल्यामुळे ऐन जखमेच्या जागी दुखणं उलट कमी असतं. फर्स्ट डिग्री भाजणं त्यामानाने किरकोळ, उन्हाने कातडी लाल होते तसं.

अमेरिकेच्या कोर्टात ही उतरंड उलटी होते. तिथे फर्स्ट डिग्री मर्डर सगळ्यांत गंभीर. थर्ड डिग्री मर्डर हा त्याखालचा गुन्हा, तोही मिनेसोटासारख्या मोजक्याच राज्यांच्या कायद्यात. कॅन्सरच्या ओपीडीत 'फर्स्ट डिग्री' नातेवाईकांची चौकशी होते, म्हणजे आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं. त्यांच्याशी आपली साधारण निम्मी जनुकं जुळतात. मामेभाऊ कितीही जिवाभावाचा असला तरी या यादीत बसत नाही.

हा गुंता सोडवायचा तर शब्दाचे शेजारी बघावे लागतात. हे आग्रहाने मांडलं जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने. १९२० च्या दशकात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, असं त्यांनी १९५७ मध्ये लिहिलं. शब्दांच्या या नेहमीच्या सोबतीला 'कोलोकेशन' म्हणतात. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नाही. आपल्याकडे चहा कडक, ऊन कडक, इस्त्रीही कडक. पाऊस मात्र धो धो.

खरी गंमत पुढे आली. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने १९८० च्या दशकात संगणकावर इंग्रजी मजकुराचा मोठा साठा जमवला. एखादा शब्द मधोमध ठेवून त्याच्या वापराच्या ओळी एकाखाली एक लावायच्या आणि आजूबाजूला काय येतं ते बघायचं, अशी पद्धत. 'सेट इन' म्हणजे सुरू होणं, एवढंच सगळे समजत होते. ओळी लावल्यावर दिसलं की 'सेट इन' होतं ते बहुतेक वाईटच: कुजणं, निराशा, संसर्ग. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. मराठीत 'दारूपायी घर गेलं' म्हणतो, पण 'अभ्यासापायी पास झाला' कोणी म्हणत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हे सहसा सापडायचं नाही.

शेजाऱ्यांवरून अर्थ ओळखणं यंत्रालाही जमतं. संगणकाला भाषा शिकवणारे अमेरिकन संशोधक डेव्हिड यारोव्स्की यांनी १९९५ मध्ये 'प्लांट' या शब्दावर ते करून दाखवलं. जवळ 'लाइफ' असेल तर वनस्पती, 'मॅन्युफॅक्चरिंग' असेल तर कारखाना. सुरुवातीला असे दोन-चार शेजारी सांगितले, की बाकीचे प्रोग्रॅम स्वतःच हुडकत जाई. अशा शब्दांवर त्याची अचूकता ९६ टक्क्यांच्या घरात गेली.

काही जोड्या मात्र लगतच्या शेजाऱ्यांनाही दाद देत नाहीत. 'पब्लिक स्कूल' घ्या. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ ईटनसारखी भरमसाट फीची खासगी शाळा, अमेरिकेत सरकारी खर्चाने चालणारी मोफत शाळा. (आपल्याकडच्या बहुतेक पाट्या इंग्लंडच्या वळणाच्या.) दोन्हीकडे आसपास मुलं, शिक्षक, परीक्षा हेच शब्द. अशा वेळी पाच ओळी खाली पौंड आहेत की डॉलर, ते बघावं लागतं.