वीस डिसेंबरचे तीन चित्रपट

२० डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेत ‘द ग्रेटेस्ट शोमन’ लागला. दोन वर्षांनी, बरोबर त्याच तारखेला, ‘कॅट्स’ लागला. दोन्ही संगीतपट, दोन्हींत नावाजलेली मंडळी, दोन्ही ऐन नाताळच्या तोंडावर. पहिल्या वीकेंडला ‘शोमन’नं ८८ लाख डॉलर कमावले आणि ‘कॅट्स’नं ६६ लाख. एवढ्या खर्चाच्या चित्रपटांसाठी दोन्ही आकडे लाजिरवाणेच. ते शेजारी ठेवून कोणीही म्हणालं असतं की दोघेही पडले. पुढे ‘कॅट्स’चा उत्तर अमेरिकेतला गल्ला सुमारे २ कोटी ७० लाखांवर थांबला. ‘शोमन’ मात्र १७ कोटी ४० लाखांवर पोचला.

नाताळचे चित्रपट जवळ आले की तीन प्रश्न एका दमात विचारले जातात: चांगला आहे का, चालेल का, ऑस्कर मिळेल का? जणू एकाचं उत्तर मिळालं की बाकीची दोन आपसूक मिळतील. पण ही तीन वेगळी गणितं आहेत. त्यातलं जे सर्वांत सोपं, म्हणजे पहिल्या वीकेंडची कमाई, तेच नाताळात सर्वांत कमी कामाचं असतं.

ते सोपं का, हे एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेतले सिताराम असुर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी २०१० साली दाखवलं. तीन महिन्यांतले २४ चित्रपट आणि त्यांच्याविषयीचे जवळजवळ २९ लाख ट्वीट त्यांनी तपासले. लोक एखाद्या चित्रपटाविषयी किती वेगानं बोलताहेत आणि तो किती पडद्यांवर लागणार आहे, एवढ्या दोन गोष्टींवरून पहिल्या वीकेंडच्या कमाईतले ९७ टक्के चढउतार समजावून सांगता आले. २०१३ मध्ये गूगलनंही असाच दावा केला. ट्रेलरचा शोध किती जण घेतात, चित्रपट एखाद्या मालिकेतला आहे का आणि हंगाम कोणता, एवढं कळलं तर महिनाभर आधी ९४ टक्के अचूक अंदाज बांधता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. (सर्चवर जाहिराती विकणाऱ्यानं सर्चचं कौतुक करावं, हे ओघानं आलंच.) पण यात जादू काही नाही. पहिल्या तीन दिवसांत येणाऱ्यांनी यायचं आधीच ठरवलेलं असतं. त्यांचं बोलणं मोजणं म्हणजे आगाऊ बुकिंग मोजण्यासारखंच.

खरी गंमत सोमवारपासून सुरू होते. इतर हंगामांत मोठ्या प्रमाणावर लागलेला चित्रपट साधारणपणे पहिल्या वीकेंडच्या अडीच-तीन पट कमावतो आणि उतरतो. नाताळात हे गुणोत्तर कोलमडतं. शाळा बंद, कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या, त्यामुळे मंगळवार-बुधवारही शनिवारसारखे चालतात. उलट २४ तारखेच्या संध्याकाळी लोक घरी असतात आणि थिएटरं ओस पडतात. ती संध्याकाळ कोणत्या वारी येते यावर पहिला आकडा बराच अवलंबून असतो. २०१७ मध्ये ती रविवारी आली, म्हणजे ‘शोमन’च्या पहिल्या वीकेंडचा एक दिवस कॅलेंडरनंच खाल्ला. वरची तुलना करताना ही सूट द्यायलाच हवी. तरीही तेवढ्यानं एकूण कमाई पहिल्या वीकेंडच्या २० पट होत नाही. आणि गंमत बघा, ‘कॅट्स’नंसुद्धा चार पट कमावले! नाताळची भरती पडलेल्या चित्रपटालाही थोडं वर उचलते.

मग २० आणि ४ यांतला फरक आधी कळला असता का? त्यातल्या त्यात जवळचा संकेत मिळतो तो सिनेमास्कोरकडून. ही कंपनी पहिल्या रात्री चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांना श्रेणी द्यायला सांगते. ‘शोमन’ला ए मिळाली, ‘कॅट्स’ला सी प्लस. शाळेत सी प्लसवर निभावलं असतं, पण पहिल्या रात्री धावत येणारा प्रेक्षक मुळातच अनुकूल असतो. तोच नाराज झाला तर पुढचं कठीण असतं. अडचण एवढीच की हा निकाल चित्रपट लागल्यावर येतो, तेव्हा तो अंदाज बांधणाऱ्याच्या फारसा उपयोगी नाही.

समीक्षकांचं काय? जेहोशुआ एलियाशबर्ग आणि स्टीव्हन शुगन यांनी १९९७ साली हे तपासलं. परीक्षणांचा संबंध सुरुवातीच्या आठवड्यांतल्या कमाईशी लागला नाही; तो लागला नंतरच्या आणि एकूण कमाईशी. समीक्षक गर्दी वळवत असते तर परिणाम आधी दिसला असता. म्हणजे समीक्षक गर्दीला वळण देत नाहीत, तिची चव बहुतेक वेळा आधी ओळखतात. बहुतेक वेळा, कारण ‘शोमन’बद्दल बऱ्याच जणांनी नाक मुरडलं होतं.

लोकांच्या तोंडी चर्चेवर चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीत एक मूलभूत अडथळा आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी ४८ गाणी ऐकवली. त्यांतल्या बहुतेकांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटून टाकलं आणि प्रत्येक जगात फक्त तिथल्याच लोकांनी काय डाउनलोड केलं ते दिसत होतं. गाणी तीच, तरी प्रत्येक जगात लोकप्रिय ठरलेली गाणी वेगळी निघाली. फार चांगलं गाणं क्वचित तळाला गेलं, फार वाईट क्वचित माथ्यावर आलं. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. चित्रपटाला तर एकच जग मिळतं. ‘टायटॅनिक’ मुळात जुलै १९९७ मध्ये येणार होता, लांबणीवर पडून १९ डिसेंबरला आला. पहिल्या वीकेंडला २ कोटी ८६ लाख डॉलर, शेवटी ६० कोटी, आणि एका दिवसाची सर्वाधिक कमाई १४ फेब्रुवारीला, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी! तो जुलैत आला असता तर काय झालं असतं, हा प्रयोग कोणालाही करता येणार नाही.

अर्थशास्त्रज्ञ आर्थर डी व्हॅनी आणि डेव्हिड वॉल्स यांनी दोन हजारांवर चित्रपटांचे आकडे तपासून याच अडथळ्याला गणिती रूप दिलं. कमाईचा फैलाव इतका टोकाचा की एखादा ‘टायटॅनिक’ सगळी सरासरी ओढून नेतो. अशा ठिकाणी ‘या प्रकारचा चित्रपट सरासरी इतके कमावतो’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. मोठा नटही यशाची हमी देत नाही, असंही त्यांना आढळलं.

पुरस्कारांचं गणित याच्या अगदी उलट. इथे मतदार कोट्यवधी नसून दहा हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतले बरेच जण निर्माते, दिग्दर्शक, नट यांच्या संघटनांमध्ये महिना-दोन महिने आधी मत देऊन बसलेले असतात. म्हणून ऑस्करचा अंदाज बराचसा मतदानोत्तर चाचणीसारखा असतो. एक मेख मात्र आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २००९ च्या चित्रपटांपासून पसंतीक्रमाची पद्धत आली: तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. त्यामुळे थोड्यांच्या अतिशय आवडत्या चित्रपटापेक्षा बहुतेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा चित्रपट पुढे सरकू शकतो. २५ डिसेंबर २०१९ ला लागलेल्या ‘१९१७’नं गोल्डन ग्लोब, बाफ्टा, निर्मात्यांचा आणि दिग्दर्शकांचा पुरस्कार, सगळं घेतलं. ऑस्कर ‘पॅरासाइट’ला मिळालं.

डिसेंबरमध्ये आलेला चित्रपट मतदारांच्या ताज्या स्मरणात राहतो, म्हणून जिंकतो, ही समजूत मला कधीच पटली नाही. पात्रतेचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून स्टुडिओ आपले पुरस्काराजोगे चित्रपट तिथे रचतात. मग त्यातले काही जिंकतात आणि श्रेय महिन्याला जातं. मार्च २०२२ आणि जुलै २०२३ मध्ये लागलेल्या चित्रपटांनीही सर्वोच्च ऑस्कर नेलं आहे. हंगामी गर्दीबद्दल लिरन एनाव यांनी २००७ साली नेमकं हेच दाखवलं: सुट्टीत लोक जास्त येतात हे खरं, पण चांगले चित्रपटही तेव्हाच सोडले जातात, त्यामुळे भरती मूळच्यापेक्षा मोठी भासते.

राहिला दर्जा. त्यासाठी आणखी एक २० डिसेंबर, १९४६ चा. त्या दिवशी फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ न्यूयॉर्कमध्ये लागला. जानेवारीत यायचा होता. १९४६ च्या ऑस्करमध्ये बसावा म्हणून घाईनं अलीकडे ओढला. पाच नामांकनं मिळाली, त्यांतलं एकही फळलं नाही. वेगळा एक तांत्रिक पुरस्कार तेवढा मिळाला, तो त्यातल्या नकली बर्फाला. आरकेओ स्टुडिओला सव्वापाच लाख डॉलरचा तोटा झाला. पुढे १९७४ मध्ये कॉपीराइटच्या नूतनीकरणाचा अर्ज भरायचा राहून गेला, चित्रपट कोणालाही फुकट दाखवता येऊ लागला आणि टीव्ही वाहिन्या दर नाताळात तो पुन्हा पुन्हा दाखवू लागल्या. आज अमेरिकेत नाताळचा चित्रपट म्हटलं की पहिल्यांदा आठवणाऱ्या नावांत तो असतो. १९४६ च्या डिसेंबरात कोणी कितीही बारकाईनं तक्ता मांडला असता, तरी अठ्ठावीस वर्षांनी राहून जाणाऱ्या त्या अर्जासाठी त्यात रकाना नसता.