उपचार उलटल्यावर पेशंटची सोबत (सांगली-मिरज)

दवाखान्यात ॲडमिट माणूस बरा होता होता मधेच मागं सरतो, म्हणजे टाक्यात पू होतो, काढलेला व्हेंटिलेटर परत लावावा लागतो, नाहीतर रक्तातल्या पेशींचे काऊंट कमी आले म्हणून कॅन्सरच्या केमोची तारीख पुढं जाते, अशा वेळी घरच्यांनी त्याला दिलेली साथ. वॉर्डात सिस्टरनी "पेशंटजवळ कोण आहे?" म्हणून हाक मारली की जो उठून उभा राहतो त्याचं हे काम, आणि ॲडमिट करतानाच्या धावपळीपेक्षा हे जास्त अवघड असतं, कारण तेव्हा गाडी भरून माणसं असतात आणि दुखणं उलटतं तोवर बरेचजण गावाला परतलेले असतात.

सांगली जिल्ह्यात हे सगळं जास्त करून मिरजेत बघायला मिळतं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उघडलं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, त्यात रेल्वे जंक्शन, त्यामुळं जत-आटपाडीपासून पार बेळगाव-विजापूरपर्यंतची माणसं पेशंट घेऊन इथंच येतात. लांबून आलेल्यांनी चार दिवसांचे कपडे नि तेवढेच पैसे आणलेले असतात आणि मुक्काम वाढला की पेशंटआधी सोबतीचा माणूसच खचतो.

तब्येत मागं सरली म्हणजे कुणाचीतरी चूक झाली असं दरवेळी नसतं. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा ताप ३८ सेल्सिअसच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखान्याला फोन करायचा, घरी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबत बसायचं नाही. प्लेटलेट कमी झाल्यावर डोनर आणा म्हणतात तेही उगाच नसतं, पिशवी ५ दिवसच टिकते म्हणून ब्लड बँकेला साठा करून ठेवता येत नाही. घरचे सगळ्यात जास्त घाबरतात ते आयसीयूतल्या भ्रमाला. आदल्या दिवशी नीट बोलणारे आजोबा अचानक सुनेला ओळखत नाहीत, नळ्या ओढतात, "मला इथनं सोडवा" म्हणून ओरडतात आणि बाहेर कुजबुज सुरू होते की डोक्यावर परिणाम झाला. वयस्कर पेशंटला इन्फेक्शन, मोडलेली झोप, काही औषधं यांनी असं होतं आणि मूळ कारण आटोक्यात आलं की बहुतेकांचं ओसरतं, काहींना मात्र वेळ लागतो. यात घरच्या माणसाचा खरंच उपयोग होतो: चष्मा नि कानाचं मशीन नेऊन द्यायचं, आज वार कुठला, आपण मिरजेत आहोत हे ओळखीच्या आवाजात सांगत राहायचं, वाद घालायचा नाही.

आता "पेशंटला काही सांगू नका" हा आपल्याकडचा लाडका प्रकार. डॉक्टरांना दाराबाहेरच गाठून दटावून ठेवतात, आत येऊन तोंडभर हसतात, पण पेशंटला ते कळतंच हो, डिस्चार्जची तारीख टळली, नवीन सुई लागली, पोरगी रडून आलेली दिसतेय. मग तोही काही विचारत नाही आणि ज्या गोष्टीची भीती वाटते ती एकट्यानंच धरून बसतो. त्यापेक्षा "टाके परत घालावे लागणार आहेत, अजून आठवडाभर तरी लागेल, मी थांबतोय" एवढं सरळ सांगितलेलं बरं. "काही होत नाही तुला" हे वाक्य तब्येत सुधारत असताना ठीक, उलटल्यावर त्याला ते खोटंच वाटतं. सगळं एकदम सांगायचीही गरज नाही, तो विचारेल तेवढं सांगावं.

डॉक्टरांशी एकाच माणसानं बोलावं. मामा वेगळं ऐकून येतात, थोरला भाऊ वेगळं, आणि रात्री पार्किंगमध्ये भांडणं. राऊंडला विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवावेत: कशामुळं बिघडलं, आता काय बदललं, काय दिसलं तर सुधारतंय म्हणायचं. बघायला येणारे पै-पावणे हा वेगळाच ताप, बिस्किटाचा पुडा ठेवतात आणि "आमच्या साडूचं अस्संच झालं होतं, गेला बिचारा" सांगून उठतात. अशांना खाली कँटीनमध्येच चहा पाजून वाटेला लावणं हीसुद्धा पेशंटची सेवाच आहे.

मुक्काम लांबला की पैशाचं बोलावंच लागतं, पण पेशंटच्या उशाशी नको. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केस असेल तर नवीन ऑपरेशन किंवा वाढलेले आयसीयूचे दिवस मंजुरीत बसतात का ते आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, त्याच दिवशी विचारावं, सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षकांना भेटावं. वैतागून डामा घेऊन, म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना सही करून पेशंट हलवणारेही बरेच असतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर त्यासाठी पेशंट उचलून न्यायची गरज नाही, केस पेपर, स्कॅन नि रिपोर्टच्या कॉप्या मागून घेता येतात, तो पेशंटचा हक्क आहे, आणि त्या घेऊन एकजण जाऊन येऊ शकतो.