कंटिंजन्सी आणि रिस्क रिझर्व्ह: अणुभट्टी मोडताना दोन खिसे वेगळे का ठेवायचे

अणुवीज केंद्र मोडीत काढण्याच्या अंदाजपत्रकात खाली दोन ओळी असतात, कंटिंजन्सी आणि रिस्क रिझर्व्ह. दोन्हींकडे ‘हाताशी ठेवलेले जादा पैसे’ म्हणून पाहिलं, की प्रोजेक्ट कंट्रोल्सचा, म्हणजे कामाचा खर्च आणि वेळ यांवर नजर ठेवणाऱ्या विभागाचा, दर महिन्याचा अहवाल खोटं बोलू लागतो.

घरात फरशी बसवताना कापाकापीत तुकडे वाया जाणार हे गवंड्याला ठाऊक असतं, म्हणून तो मापापेक्षा चार पेट्या जास्त मागवतो. त्या लागतातच. पाया खणताना कातळ लागला तर मात्र फोडायचा खर्च वेगळा येतो. तो येईलच असं नाही, पण आला तर फरशीच्या चार पेट्यांत तो भागत नाही. पेट्या म्हणजे कंटिंजन्सी, कातळाची तजवीज म्हणजे रिझर्व्ह.

कंटिंजन्सी ठरलेल्या कामाच्या आतली असते. अवजार मोडतं, पाइप कापायला दुप्पट वेळ लागतो, एकदा धुऊन पृष्ठभाग साफ होत नाही, ड्रम नीट भरत नाहीत. यातलं नेमकं काय कुठे घडेल ते सांगता येत नाही, पण एकूणात घडणार हे नक्की. म्हणून ही रक्कम पूर्ण खर्च होणार असंच धरतात. अमेरिकेत ॲटॉमिक इंडस्ट्रियल फोरम या अणुउद्योगाच्या संघटनेच्या १९८६ च्या मार्गदर्शिकेच्या धर्तीवर केलेल्या अंदाजपत्रकांत ती सरसकट न लावता कामागणिक लावतात: दूषित सामान पॅक करायला १० टक्के, मनुष्यबळाला १५, दूषित यंत्रभाग काढायला २५, डीकंटॅमिनेशनला, म्हणजे किरणोत्सर्गी दूषितपणा साफ करायला, ५०, आणि अणुभट्टीचं पात्र व आतले भाग कापायला ७५ टक्के.

इथे आणखी एक गल्लत होते. रेस्पिरेटर लावून काम, संरक्षक कपडे चढवणं-उतरवणं, किरणोत्सर्गाचा डोस कमी ठेवण्यासाठीची तयारी, मधल्या विश्रांत्या, हे सगळं माणूस-तासांच्या मूळ दरातच गुणकांनी धरलेलं असतं. त्यासाठी पुन्हा कंटिंजन्सी मागितली की एकच खर्च दोनदा मोजला जातो.

रिझर्व्ह कामाच्या चौकटीबाहेरच्या गोष्टींसाठी असतो: नियम बदलणं, मंजुरी लांबणं, कचरा घेणारी जागा बंद होणं, जमिनीखाली कुणाला माहीत नसलेलं प्रदूषण सापडणं. तिथे प्रत्येक जोखमीला क्रमांक, शक्यता, परिणाम आणि मालक, म्हणजे तिची जबाबदारी घेणारा माणूस, असावा लागतो.

अमेरिकेतलं कनेक्टिकट यांकी केंद्र, हॅडम नेक इथलं, १९९६ मध्ये बंद झालं आणि २००७ मध्ये मोडून पूर्ण झालं. दोन्ही प्रकार तिथे एकाच साइटवर दिसतात. भट्टीच्या पात्रातले भाग पाण्याखाली, अपघर्षक कण मिसळलेल्या पाण्याच्या जोरदार झोताने कापले. ते कण आणि स्टीलचा चुरा पाण्यात मिसळून पाणी गढूळ झालं, फिल्टर भरत राहिले आणि काम रेंगाळलं. कापणं ठरलेलंच होतं, फक्त जड गेलं. हा खर्च कंटिंजन्सीचा. ७५ टक्के उगाच नसतात. उलट भूजलात स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सर्गी पदार्थ सापडला आणि दूषित माती खालच्या कातळापर्यंत खणून काढावी लागली. हे वाढीव काम, म्हणून रिझर्व्हचं.

आता आकडे. समजा दूषित पाइप काढायचं एक पॅकेज १०,००० तासांचं आहे आणि कंटिंजन्सी २५ टक्के, म्हणजे २,५०० तास. ४० टक्के काम झालं तेव्हा ५,२०० तास गेले. मिळवलेलं मूल्य, म्हणजे झालेल्या कामासाठी मुळात धरलेले तास, ४,०००, म्हणून खर्च निर्देशांक ४,००० भागिले ५,२००, म्हणजे ०.७७ (१ पेक्षा कमी म्हणजे काम महाग पडतंय). याच गतीने शेवट १३,००० तासांवर होईल. हाताशी १२,५००. पाचशे तास कमी पडणार, हे अजून ६० टक्के काम बाकी असतानाच कळलं. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो.

याच वेळी कुणी कंटिंजन्सीतले १,२०० तास झालेल्या कामाच्या बजेटवर टाकले, तर पॅकेज ११,२०० चं होतं, मिळवलेलं मूल्य ५,२००, निर्देशांक १.०० आणि अंतिम अंदाज ११,२००. अहवाल हिरवा. पाचशे तासांची तूट मात्र कागदावरून गायब. उत्पादकतेमुळे आलेली तफावत बजेट वाढवून मिटवायची नाही. ती तशीच दिसू द्यायची आणि कंटिंजन्सीतला किती भाग खपला त्याची वेगळी नोंद ठेवायची. नवं काम आलं तर मात्र चेंज रिक्वेस्ट (बदलाचा अर्ज), जोखमीचा क्रमांक, मंजुरी, मग बेसलाइन, म्हणजे मंजूर मूळ बजेट, वाढवायची. ठरवण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: मंजूर कामाच्या वर्णनात हे काम होतं का? म्हणून ते वर्णन ढिलं लिहिलेलं असलं की सगळं वादात जातं. ‘दूषित माती काढणे’ एवढंच लिहून भागत नाही. किती घनमीटर, कुठल्या खोलीपर्यंत, हे हवं.

रिझर्व्ह किती ठेवायचा ते काढायला शक्यता गुणिले परिणाम हा हिशेबही जपून वापरावा. २ कोटी डॉलरची, १० टक्के शक्यतेची एकच जोखीम असेल तर गुणाकार २० लाख येतो. जोखीम घडली तर ते २० लाख कशालाच पुरत नाहीत, न घडली तर तसेच पडून राहतात. पुष्कळ छोट्या जोखमी एकत्र असतील तेव्हाच या सरासरीला अर्थ आहे.

शब्दांचाही घोटाळा आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या प्रकल्पांत ‘कंटिंजन्सी’ सरकारच्या हाती असते आणि ‘मॅनेजमेंट रिझर्व्ह’ कंत्राटदाराच्या. त्यामुळे दुसऱ्या साइटचा अहवाल वाचताना शब्दावर न जाता आधी पाहावं की पैसे कुणाच्या सहीने सुटतात.

आणि काही जोखमींना शेवटची तारीखच नसते. वापरलेलं इंधन अमेरिकन सरकारने ३१ जानेवारी १९९८ पासून उचलायला सुरुवात करायची होती. ती झालीच नाही. हॅडम नेकला भट्टी, इमारती, सगळं गेलं. उरलेत इंधन आणि कचरा ठेवलेले काँक्रीटचे ४३ कास्क, म्हणजे जाड भिंतींची मोठी पिंपं, आणि त्यांच्या पहाऱ्याचा, देखरेखीचा, विम्याचा खर्च दरवर्षी चालू आहे.