जी-ए-ओ-एल : ‘जेल’चे जुने इंग्रजी स्पेलिंग

इंग्रजीतला ‘जेल’ हा शब्द आज जे-ए-आय-एल असा लिहितात. ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात मात्र तो विसाव्या शतकातही जी-ए-ओ-एल असा लिहिला जात असे. उच्चार दोन्हींचा एकच. जुने स्पेलिंग आता रोजच्या व्यवहारातून जवळपास गेले असून ऐतिहासिक इमारतींची नावे, जुने कायदे आणि साहित्य यांत ते आढळते.

शब्दाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘लहान पिंजरा’ या अर्थाच्या शब्दात आहे. पोर्तुगीजमध्ये ‘गायोला’ म्हणजे आजही पिंजराच. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधील नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांची फ्रेंच तिथल्या दरबाराची व न्यायालयांची भाषा झाली. नॉर्मन बोलीत या शब्दाच्या आरंभी ‘ग’ होता, तर पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये ‘ज’. इंग्रजीने दोन्ही रूपे घेतली. पुढे लोकांच्या तोंडी ‘ज’ बसला आणि सरकारी लिखाणात ‘ग’ टिकला. ‘कॅच’ (पकडणे) आणि ‘चेस’ (पाठलाग करणे) हीदेखील अशीच एका शब्दाची नॉर्मन व पॅरिसी रूपे, पण त्यांना वेगवेगळे अर्थ मिळाल्याने दोन्ही सुखाने नांदली. इथे अर्थ एकच राहिला, त्यामुळे एक रूप मागे पडणे अटळ होते. जी-ए-ओ-एल हे विचित्र दिसते म्हणून त्याला चुकीचे ठरवणे मात्र अन्यायाचे आहे.

सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात जी-ए-ओ-एलचाच पक्ष घेतला. हा शब्द उच्चारतात नेहमी ‘जेल’, लिहितातही नको तितक्या वेळा तसाच आणि कधीकधी तर ‘गोल’ (जी-ओ-ए-एल, म्हणजे ध्येय), अशी त्याची तक्रार होती. मधल्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली की तुरुंगाचा ‘गोल’ होतो; छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांसाठी ही कायमची डोकेदुखी होती.

या स्पेलिंगला सर्वांत भक्कम आधार कायद्याचा होता. फिरत्या न्यायाधीशांना राजाकडून ‘गाओल डिलिव्हरी’चा (अक्षरांप्रमाणे वाचल्यास) हुकूम मिळे : त्या तुरुंगात खितपत पडलेल्या कैद्यांचे खटले चालवायचे आणि तुरुंग मोकळा करायचा. फिरत्या न्यायालयांची ही पद्धत इंग्लंडमध्ये १९७२ च्या आरंभी बंद झाली. कोंदट कोठड्यांत उवांमुळे पसरणाऱ्या टायफस या तापालाही याच शब्दावरून ‘जेल फीव्हर’ म्हणत. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात हा ताप पसरला आणि लॉर्ड मेयरसह न्यायाधीशही दगावले.

अठराव्या शतकात असा तुरुंग बहुधा परगण्याच्या ताब्यात असे. अनेक ठिकाणी जेलरला पगार नसे. तो कैद्यांकडून फी घेई. जॉन हॉवर्ड १७७३ मध्ये बेडफर्डशरचा शेरीफ झाला, तेव्हा निर्दोष सुटलेली माणसेही फी भरता येत नाही म्हणून आत अडकलेली त्याने पाहिली. इंग्लंडमधील तुरुंगसुधारणेची सुरुवात याच संतापातून झाली, आणि १७७७ च्या त्याच्या अहवालाइतका या शब्दामागचा खरा अर्थ दुसरीकडे क्वचितच सापडतो. १८७७ च्या कायद्याने स्थानिक तुरुंग केंद्र सरकारकडे गेले. त्यानंतर अधिकृत नावांत ‘प्रिझन’ रुळत गेले.

तरीही १८९८ मध्ये ऑस्कर वाइल्डने रेडिंगच्या तुरुंगावरील आपल्या दीर्घ कवितेच्या शीर्षकात जुनेच स्पेलिंग ठेवले. ही कविता प्रथम त्याच्या नावाऐवजी ‘सी. ३. ३.’ या त्याच्या कोठडीच्या क्रमांकाखाली छापली गेली. आज इंग्रजी वाचकाला हे स्पेलिंग बहुधा याच कवितेमुळे ठाऊक असते.

अमेरिकेत जे-ए-आय-एल हेच प्रमाण आहे. मराठीत शब्द कानावरून आला, त्यामुळे ‘जेल’ लिहिताना हा पेच कधी पडलाच नाही. ऑस्ट्रेलियातला कुप्रसिद्ध दरोडेखोर नेड केली याला १८८० मध्ये जिथे फाशी दिले तो मेलबर्नचा जुना तुरुंग आणि ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या आयरिश उठावातील चौदा नेत्यांना जिथे गोळ्या घातल्या तो डब्लिनचा किलमेनम तुरुंग आता संग्रहालये आहेत. दोन्हींच्या नावांत जी-ए-ओ-एल कायम आहे.