शिफारसपत्र (शिष्यवृत्ती अर्जासाठीचे)

शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडावे लागणारे शिफारसपत्र म्हणजे अर्जदाराला अध्यापन, संशोधन किंवा नोकरीच्या निमित्ताने जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीने निवड समितीला लिहिलेले अभिप्रायपत्र होय. अर्जदाराने किती गुण मिळवले हे गुणपत्रिकेतून कळते. पण अडचण आल्यावर तो काय करतो, मतभेद कसे हाताळतो, हे अर्जदाराखेरीज दुसऱ्या कोणी सांगितलेले अर्जात बहुधा याच कागदावर वाचायला मिळते.

गुणांपलीकडचे पारखण्याचा आग्रह जुना आहे. ब्रिटिश उद्योगपती व राजकारणी सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रानुसार १९०२ मध्ये स्थापन झालेल्या, ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकण्यासाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी विद्वत्तेबरोबरच खेळांची आवड, चारित्र्य आणि नेतृत्व हे निकष ठेवले होते, आणि त्यांतील नेतृत्वगुणांचा निवाडा अर्जदाराच्या मुख्याध्यापकांनी करावा, असे त्या मृत्युपत्रात सुचवले होते. आज अनेक शिष्यवृत्त्यांसाठी दोन किंवा तीन पत्रे मागितली जातात.

पत्र कोणाकडून घ्यावे, याबाबत अर्जदार हमखास हुद्द्याला भुलतात. वर्गात कधी न शिकवलेल्या विभागप्रमुखाच्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा प्रकल्पाचे मार्गदर्शन केलेल्या कनिष्ठ प्राध्यापकाचे पत्र अधिक उपयोगी पडते, कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही असते. ‘विद्यार्थिनी हुशार, कष्टाळू व नम्र आहे’ हे वाक्य कोणत्याही अर्जात खपून जाते. ‘निष्कर्ष अपेक्षेशी जुळत नाहीत हे लक्षात येताच तिने सगळी मापे पुन्हा घेतली आणि उपकरणातील दोष शोधून काढला’ हे वाक्य मात्र एकीबद्दलच लिहिता येते. चांगल्या पत्रात ओळख किती काळाची व कोणत्या नात्याने आहे हे सुरुवातीलाच येते, त्यानंतर असे एकदोन प्रसंग येतात आणि शिष्यवृत्तीच्या निकषांशी त्यांचा संबंध दाखवला जातो. बरोबरीच्या विद्यार्थ्यांत अर्जदार कुठे बसतो, हे लिहिल्यास समितीला तुलनेचा आधार मिळतो.

पत्र मागताना मुदतीच्या काही आठवडे आधी विचारणे, आणि अर्जाचा मसुदा, गुणपत्रिका व निकष सोबत देणे हे शिष्टाचाराचे मानले जाते. मनापासून अनुकूल लिहिता येत नसेल, तर पत्रलेखकाने आधीच नकार द्यावा. कोमट पत्र अर्जदाराला नकारापेक्षा महाग पडते. वेळ नसल्याने ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगण्याची पद्धतही सर्रास आढळते. तिच्यामुळे स्वतंत्र मत हा पत्राचा हेतूच उरत नाही, शिवाय एकाच अर्जातील सगळ्या पत्रांची भाषा सारखी झाली, तर ती अनुभवी परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

बहुतेक संस्था पत्र गोपनीय ठेवतात. पूर्वी ते बंद लिफाफ्यात, लिफाफ्याच्या जोडावर सही करून दिले जाई. आता पत्रलेखकाला ईमेलने दुवा जातो आणि तो पत्र थेट पोर्टलवर चढवतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला असला, तरी शिफारसपत्रांपुरता तो हक्क लेखी सोडून देता येतो, कारण गोपनीय पत्र अधिक मोकळेपणाने लिहिलेले असते असा समज आहे.

गोपनीयतेने पूर्वग्रह मात्र टळत नाहीत. फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या संशोधकांनी एका अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रे तपासून २००३ मध्ये दाखवले, की स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंका निर्माण करणारी विधाने अधिक होती. ती पत्रे नोकरीसाठीची असली, तरी शिष्यवृत्तीची पत्रेही बव्हंशी अशाच अध्यापकांकडून लिहिली जातात.