कपिल की इम्रान? वजाबाकीच्या आधीची गोष्ट

अष्टपैलू म्हणून कपिल देव मोठा की पाकिस्तानचा इम्रान खान, यावर नागपूरच्या पानठेल्यांवर चाळीस वर्षं डोकेफोड चालू आहे. आता त्यात दक्षिण आफ्रिकेचा कॅलिस, इंग्लंडचा स्टोक्स आणि आपला जडेजाही आले. पण या शहराचा अष्टपैलूंशी संबंध त्याहून जुना आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू 1895 साली इथेच जन्मले. त्यांचे षटकार सगळ्यांना ठाऊक, गोलंदाजी मात्र कोणी काढत नाही. 1932 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत सोळाशेवर धावा केल्या आणि 65 बळीही घेतले.

पुढे विनू मांकड. 1952 ची लॉर्ड्स कसोटी: फलंदाजीत 72 आणि 184, मधे एकाच डावात 73 षटकं टाकून पाच बळी. तरी भारत हरलाच.

हल्ली तुलना होते ती वजाबाकीने. फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा) वजा करा; जितकं जास्त उरेल तितका खेळाडू मोठा. वेस्ट इंडीजचा सोबर्स 57.78 उणे 34.03, म्हणजे जवळपास 24. कॅलिस त्याच्या मागोमाग, 23 च्या आसपास. इम्रान 15 च्या घरात आणि कपिल जेमतेम दीड! इथेच माझं या हिशेबाशी बिनसतं. कॅलिसचे 166 कसोटींत 292 बळी, म्हणजे सामन्याला दोनही नाहीत. इम्रानचे चारच्या वर. कपिलने आपल्याकडच्या निर्जीव खेळपट्ट्यांवर वर्षानुवर्षं नवा चेंडू टाकून 434 बळी काढले. हा घाम वजाबाकीत कुठे दिसतो?

नागपूरच्या जामठा स्टेडियमने दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत. फेब्रुवारी 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे दोन गडी 6 धावांत गेले असताना कॅलिस उभा राहिला, 173 केल्या आणि आमलासोबत 340 जोडल्या. सामना डावाने जिंकला, पण गोलंदाजीत काम केलं ते स्टेनने. फेब्रुवारी 2023 मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या जडेजाने 47 धावा देऊन ऑस्ट्रेलियाचे पाच गडी टिपले, मग 70 केल्या, दुसऱ्या डावात आणखी दोन घेतले. कॅलिस मोठा फलंदाज, यात वाद नाही. पण कर्णधाराला एका जागेत दोन खेळाडू त्या आठवड्यात मिळाले ते जडेजाच्या रूपाने. माझ्या यादीत सोबर्सनंतर इम्रान येतो, कॅलिस नाही.